लोणारचं पाणी गुलाबी का झालं होतं? खडक, पाऊस आणि सूक्ष्मजीवांची गोष्ट

जून २०२०. लॉकडाऊनमुळे सगळे घरात बसलेले असताना बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे फोटो व्हायरल झाले. एरवी हिरवट दिसणारं पाणी चक्क गुलाबी झालं होतं. कुणी प्रदूषण म्हणालं, कुणी चमत्कार. प्रत्यक्षात हे काम खडक, हवामान आणि सूक्ष्मजीव या तिघांनी मिळून केलं होतं.

आधी खड्डा समजून घेऊ

लोणारचं विवर उल्का आदळून तयार झालं. त्याचा व्यास साधारण १.८ किलोमीटर आहे. हे विवर बेसाल्ट म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात आहे. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी या खडकातून झिरपताना त्यातले क्षार विरघळवून सोबत आणतं. सरोवरातून बाहेर वाहणारी एकही नदी नाही, त्यामुळे पाणी कमी होतं ते मुख्यतः वाफ होऊनच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चालू असल्याने इथलं पाणी खारट आणि अल्कधर्मी झालं आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, लोणारचा १० च्या आसपास.

मग हिरवा रंग कुणाचा?

अशा पाण्यात मासे टिकणं अवघड. पण स्पिरुलिनासारख्या नील-हरित सूक्ष्मजीवांना ते मानवतं. प्रकाशसंश्लेषणासाठी ते पाण्यातला विरघळलेला कार्बन वापरतात. त्यामुळे सामू आणखी वर जातो. म्हणजे खडकाने पाणी घडवलं, पाण्याने जीव निवडले आणि आता तेच जीव पाणी बदलत आहेत.

गुलाबी कसं झालं?

उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाण्याची पातळी घटली आणि खारटपणा वाढला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हॅलोआर्किया हे मिठाची आवड असलेले सूक्ष्मजीव मोठ्या संख्येने आढळले. खारटपणा वाढला की ते फोफावतात. त्यांच्या शरीरात गुलाबी-लाल रंगद्रव्यं असतात आणि ती कडक उन्हापासून पेशींचं रक्षण करतात. तोच रंग पाण्यावर उमटला. रंग पाण्याचा नव्हताच. नमुना स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. पुढे पावसाने पाणी पातळ केलं, तेव्हा सरोवराचा गुलाबी रंगही ओसरला.

यात काळजीचं काय?

रंग बदलणं हा धोका नाही, ती सरोवराची प्रतिक्रिया आहे. खरा धोका आहे तो हे गणित कायमचं बिघडण्याचा. सांडपाणी किंवा जास्तीचं गोडं पाणी सतत येत राहिलं, तर क्षार आणि सामू घटेल. मग इथले खास जीव मागे पडतील आणि कुठल्याही तळ्यात आढळणारे जीव त्यांची जागा घेतील. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. पण नुसता काठ सांभाळून हे सरोवर वाचणार नाही. त्यात कुठून आणि कसलं पाणी येतं, यावरही लक्ष ठेवावं लागेल.

लोणारला गेलात तर पाण्याचा रंग जरूर पाहा. त्या वर्षीचा पाऊस, ऊन आणि आत राहणारे जीव, सगळ्यांचा हिशोब त्यात दिसतो.