रात्री दार कोण उघडणार? रूट ६६ ची एक गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर झाली. बहीण फिनिक्सला असते. ऑक्टोबरमध्ये आम्ही सगळे तिच्याकडे जाणार होतो आणि तिथून आठ दिवस ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात गाडीनं भटकायचं ठरलं होतं. दाजींचा प्लॅन एका ओळीचा. "काही बुक करायचं नाही. निघायचं, आवडेल तिथे थांबायचं." सगळे खूश. आईनं फक्त एवढंच विचारलं, "आणि रात्री आपल्याला दार कोण उघडणार?"

आम्ही हसलो. पण तयारीसाठी जुन्या रस्त्यांबद्दल वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, या रस्त्याचा अर्धा इतिहास त्याच एका प्रश्नात आहे.

रूट ६६ हा महामार्ग १९२६ साली जाहीर झाला. शिकागोपासून लॉस एंजेलिसकडे जाणारा, साधारण ३,९०० किलोमीटरचा. न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि शेवटी कॅलिफोर्नियाचं मोहावी वाळवंट. सगळा रस्ता पक्का व्हायला १९३८ उजाडलं. त्या काळी प्लॅन ठरवायचा तो पाण्यानं. गाडीच्या पुढे पाण्याची कॅनव्हासची पिशवी लटकवायची आणि मोहावी शक्यतो रात्री पार करायचं. ॲरिझोनात ओटमनजवळचा घाट तर इतका खडा, की काही जुन्या फोर्ड गाड्या तो चक्क रिव्हर्समध्ये चढायच्या. त्यांच्यात पेट्रोलचा पंपच नसायचा. टाकीतलं पेट्रोल आपोआप खाली वाहत इंजिनात यायचं. चढावर नाक वर झालं, की ते यायचं थांबायचं.

म्हणजे निसर्ग अवघड होताच. पण त्यावर माणसानं युक्ती काढली. माणसानं बंद केलेल्या दारावर युक्ती काढणं जास्त अवघड होतं.

१९३६ हे साल लक्षात ठेवा. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेली ओक्लाहोमाकडची शेतकरी कुटुंबं याच रस्त्यानं पश्चिमेला निघाली होती. त्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखानं आपले १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले. खिशात पैसे नाहीत, कामाची खात्री नाही? मग परत फिरा. शहराच्या पोलिसांनी शेकडो किलोमीटर दूर जाऊन राज्याचं दार अडवायचं! हा प्रकार काही आठवडे चालला.

त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका पोस्टमननं एक छोटी पुस्तिका छापली. नाव व्हिक्टर ह्यूगो ग्रीन. पुस्तिका 'ग्रीन बुक' म्हणून ओळखली जाते. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे केस कापून मिळतील, त्याची ही यादी. आधी न्यूयॉर्क परिसरापुरती, मग देशभराची.

जरा कल्पना करा. गाडी तुमची, पेट्रोलला पैसे आहेत, रस्ता सरकारी. पण संध्याकाळी सहा वाजता बाहेर 'खोली रिकामी आहे' असा बोर्ड असलेल्या मोटेलात गेलात, की तुम्हाला सांगणार, खोली नाही. अनेक गावांत अंधार पडल्यावर कृष्णवर्णीयांनी दिसायचंच नाही, असा दंडक. म्हणून लोक गाडीत उशा, डबे, जास्तीचं पेट्रोल घेऊन निघत. वाळवंटात, जिथे दोन गावांमध्ये तास-दीड तासाचं अंतर, तिथे 'बघू, पुढे थांबू' हे वाक्य त्यांना परवडणारं नव्हतं.

काही दारं उघडी होती. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला १९३९ साली बांधलेला 'दी आन्सा मोटर लॉज' ग्रीन बुकच्या यादीत होता. त्याच शहरात १९४७ साली एका उपाहारगृहानं एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला वाढायला नकार दिला. विद्यापीठातल्या मुलांनी तिथे बहिष्कार घातला, आणि लढत लढत १९५२ साली शहराकडून भेदभावबंदीचा नियम करून घेतला. संपूर्ण देशासाठी तसा कायदा यायला १९६४ उजाडलं. ग्रीन यांना वाटायचं, एक दिवस या पुस्तिकेची गरजच उरू नये. ते १९६० मध्ये गेले. पुस्तिकेची शेवटची आवृत्ती १९६६-६७ ची.

तोवर नवे मोठे महामार्ग आले आणि जुन्या रस्त्यावरची मोटेल्स ओस पडू लागली. त्यातली कित्येक गुजराती कुटुंबांनी घेतली, स्वतः राबून चालवली. तेव्हा शेजारच्या मोटेलांनी 'अमेरिकन मालकीचं' असे बोर्ड लावले! दार उघडणाऱ्यालाही ऐकावं लागलंच. १९८५ साली रूट ६६ अधिकृत यादीतूनच निघाला.

मग आमच्या ट्रिपचं काय झालं? आईचा आणि दाजींचा समेट झाला. रात्रीची ठिकाणं पक्की, दिवस मोकळे. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरायची, माणशी चार लिटर पाणी गाडीत कायम. आणि घड्याळावर भरवसा नाही, कारण उन्हाळी वेळेसाठी ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, पण त्याच राज्यातलं नावाहो नेशन बदलतं. ऑक्टोबरमध्ये ती हद्द ओलांडली की एक तास गेलाच.

एका संध्याकाळी मात्र ठरलेल्या मुक्कामाच्या अलीकडेच थांबावंसं वाटलं. दाजी आत गेले आणि दोन मिनिटांत किल्ली घेऊन आले. कुणी काही विचारलं नाही. आई म्हणाली, "उघडलं बाई दार." त्या दोन मिनिटांसाठी कुणी कुणी किती वर्षं घालवली, ते आज सांगायचं होतं. भेटू पुढच्या भागात.