बुजरा घोडा कुणाला विकावा?

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हांला गमतीनं विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा घोडेबाजाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. सॉक्रेटिस शिक्षणाबद्दल बोलायला लागला की फार वेळ घोड्यांपासून लांब राहत नाही. तरुणांना बिघडवल्याचा आरोप त्याच्यावर झाला, तेव्हा प्लेटोने दिलेल्या वृत्तांतात तो न्यायालयातच विचारतो, की घोड्यांच्या बाबतीत असं कधी दिसतं का, की सगळं गाव घोडे सुधारतंय आणि एकटाच कुणीतरी ते बिघडवतोय? तिथे तर उलट असतं. सुधारणारा एखादाच चाबुकस्वार असतो आणि बाकीचे हात लावतील तितकं बिघडवतात.

दुसरं कारण आमच्या स्वतःच्या अनुभवातलं आहे. तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही तिथे गेलो होतो. बरोबरच्या गृहस्थांनी एका घोड्याची किंमत विचारली. म्हातारा व्यापारी किंमत सांगेना. त्याने उलट विचारलं, "बसणार कोण?" गृहस्थ म्हणाले, मुलगा, चौदा वर्षांचा. म्हाताऱ्याने मान हलवली आणि दुसऱ्याच घोड्याकडे बोट दाखवलं. पहिल्याची किंमत त्याने शेवटपर्यंत सांगितली नाही. आम्हांला तेव्हा तो गिऱ्हाईक गमावणारा माणूस वाटला.

आता आपण ज्या सौद्याबद्दल बोलणार आहोत, त्यात हा प्रश्न कुणीच विचारला नाही. सौदा मॅसिडोनियातला, इ.स.पू. चौथ्या शतकातला. थेसलीचा फिलोनिकस नावाचा माणूस राजा फिलिपकडे एक घोडा विकायला घेऊन आला. घोड्याचं नाव बुसेफालस, म्हणजे बैलाच्या डोक्याचा. बहुधा त्याच्या अंगावरच्या डागणीवरून हे नाव पडलं. गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. घोडा कुणाला जवळ येऊ देईना, मागच्या पायांवर उभा राहायचा, फिलिप चिडला, घेऊन जा म्हणाला. मग पोरगा अलेक्झांडर पुढे झाला, घोडा स्वतःच्या सावलीला बुजतोय हे त्याने ओळखलं, तोंड सूर्याकडे वळवलं आणि बसला. ही गोष्ट सांगतो प्लूटार्क, घटनेनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. आपण ती नेहमी भावी सम्राटाचा शकुन म्हणून ऐकतो. आज आपण ती एक फसत चाललेला व्यवहार म्हणून बघू या.

आधी किंमत. फिलोनिकसने मागितले १३ टॅलंट. एक अॅटिक टॅलंट म्हणजे ६,००० द्राख्मा, सुमारे २६ किलो चांदी. म्हणजे घोड्याची किंमत झाली ७८,००० द्राख्मा. हे किती, ते कळायला दोन घोडे शेजारी उभे करू या.

पहिला घोडा नाटकातला आहे. अॅरिस्टोफनीसचं 'मेघ' हे नाटक इ.स.पू. ४२३ मध्ये अथेन्सला झालं. त्याच्या सुरुवातीलाच एक बाप रात्री तळमळतोय, कारण पोराच्या घोड्यांच्या नादापायी कर्ज झालंय, आणि पोरगा शेजारी झोपेतसुद्धा शर्यतीच बडबडतोय. त्यातल्या एका घोड्याचे १२ मिना, म्हणजे १,२०० द्राख्मा. विनोद चालण्यासाठी हा आकडा प्रेक्षकांना उधळपट्टीचा वाटायला हवा, म्हणजे हा महागातला घोडा. बुसेफालस त्याच्या पासष्ट पट!

दुसरा घोडा खरा आहे, आणि तो आम्हांला जास्त जवळचा वाटतो. सॉक्रेटिसचा सहवास लाभलेला झेनोफोन पर्शियाच्या मोहिमेतून परतताना इ.स.पू. ३९९ च्या सुमारास लॅम्प्सॅकसला पोचला, तेव्हा त्याच्याकडे घरी जायला पैसे नव्हते. दहा हजारांच्या सैन्याला वाट दाखवणारा माणूस, आणि हातात छदाम नाही. त्याने आपला घोडा विकला, ५० दारिक सोन्याच्या नाण्यांना. त्याच्याच हिशेबाने धरलं तर हे साधारण १,००० द्राख्मा होतात. पुढे बायॉन आणि नॉसिक्लायडीस नावाचे दोघे सैन्याला द्यायचे पैसे घेऊन आले. याचा त्या घोड्यावर जीव होता आणि त्याने तो गरजेपोटी विकला असावा, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी तो सोडवून आणून त्याला परत दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला. झेनोफोन हे दोन ओळींत सांगतो आणि पुढे जातो. आम्ही मात्र तिथे नेहमी थांबतो.

याच माणसाने पुढे घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. आपल्या तरुण मित्रांना घोडा कसा वागवावा हे कळावं म्हणून लिहितोय, असं तो सुरुवातीलाच म्हणतो (आणि तोही आमच्यासारखा 'आम्ही' म्हणूनच बोलतो, हे जाता जाता). घोडा घेताना फसू नये, यावर त्यात बरंच आहे. आधी खूर बघा. पाया कच्चा असेल तर घर कितीही देखणं असून उपयोग नाही, तसंच हे. मग दात. वयाची खूण दातांत उरली नसेल तर घेऊ नका, कारण असा घोडा धड उपयोगाचाही नाही आणि पुन्हा विकायलाही सोपा नाही. आपल्या बैलबाजारात आदत, दोनदाती, जुळलेला असं बघतात, तसंच. लगाम घेतो का, अंगावर बसू देतो का, आला त्या जागेकडे सारखा ओढ घेतो का, हे सगळं त्यात आहे.

आता ही कसोटी बुसेफालसला लावली तर काय होतं? बसू देत नाही, म्हणजे नापास. आणि वय? इथे एक गंमत आहे. झेलमच्या काठी, पोरसाशी झालेल्या लढाईनंतर, इ.स.पू. ३२६ मध्ये बुसेफालस मेला, तेव्हा तो तीस वर्षांचा होता असं सांगतात. वजाबाकी करा. जन्म इ.स.पू. ३५६, म्हणजे अलेक्झांडरच्याच वर्षी. प्लूटार्क विक्रीची गोष्ट अॅरिस्टॉटल शिक्षक म्हणून येण्याच्या, म्हणजे ३४३ च्या, आधी सांगतो. मग विक्रीच्या वेळी पोरगा बारा-तेरा वर्षांचा आणि घोडाही बारा-तेरा वर्षांचा! पोरगं वयात येतंय आणि घोडा जून झालाय. असा, कुणाला बसू न देणारा घोडा, पासष्ट घोड्यांच्या किमतीला? फिलिप चिडला त्यात नवल नाही. एक तर तीस हा आकडा ढोबळ आहे, नाही तर गोष्टीला नंतर बरीच पुटं चढली आहेत. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण बाकीचे लेखकही एकमेकांशी जुळत नाहीत. प्लिनी १६ टॅलंट म्हणतो. डायोडोरस तर म्हणतो की घोडा कॉरिंथच्या डेमरेटसने भेट दिला. आणि अलेक्झांडरच्या दरबारातला कॅरीस, ज्याचं म्हणणं पुढच्या एका रोमन लेखकाने नोंदवून ठेवलंय, तो म्हणतो की १३ टॅलंटांना विकत घेतला आणि फिलिपला भेट दिला. हे सगळं जुळवायचं तर कुणीतरी श्रीमंताने घेऊन राजाला नजर केला, असं म्हणता येतं. कॅरीस घटनेच्या सर्वांत जवळचा; आम्ही त्याच्याकडे झुकतो.

पण गोष्ट घडली तशी नसली, तरी प्लूटार्कला तिच्यातून काय म्हणायचं होतं ते विचारण्यासारखं आहे. आणि त्यासाठी आम्ही आपल्याला थोडं रोमला नेणार आहोत.

रोममध्ये बाजारावर देखरेख करणारे ईडाइल नावाचे अधिकारी होते. त्यांच्या फर्मानात गुलाम आणि जनावरं विकणाऱ्यांसाठी नियम होते. (गुलाम आणि जनावरं एकाच फर्मानात, हेही ऐकून ठेवा.) जनावराला काही रोग वा खोड असेल तर विकणाऱ्याने ती उघड सांगायची. नाही सांगितली, तर घेणाऱ्याला सहा महिन्यांच्या आत जनावर परत करता यायचं. मग साहजिकच वाद: खोड म्हणजे काय? शिंग मारणारा बैल खोडील, असं बहुतेकांचं मत, हे पाउलस नावाचा कायदेपंडित नोंदवतो. त्याच ठिकाणी तो पुढे म्हणतो, की कारण नसताना बिथरून सुटून पळणारी जनावरंही खोडीलच धरली जातात.

'कारण नसताना.' सगळी गंमत या दोन शब्दांत आहे. कायदा साडेपाचशे वर्षांनंतरचा, पण क्षणभर फिलोनिकसचा घोडा या न्यायासनापुढे उभा करा. फिलिपची माणसं साक्ष देतील, की साहेब, काही नव्हतं हो, मोकळं मैदान, आणि हा उगाच उधळत होता. तज्ज्ञ माणसं, त्यांचं म्हणणं ग्राह्य धरावंच लागेल. घोडा परत! पण पोरग्याला जमिनीवर कारण दिसत होतं. काळं, लांबट, घोड्याबरोबर हलणारं. मोतद्दार लगाम ओढत होते, घोडा झटके देत होता, आणि जितका झटका मोठा तितकी सावली जास्त नाचत होती. म्हणजे ज्याला ते खोड म्हणत होते, तिच्यात त्यांच्या हाताचाही वाटा होता.

झेनोफोनने हे आधीच लिहून ठेवलं होतं. रागाने घोड्याजवळ जाऊ नका. तो कशाला बुजला तर मारू नका. मारलं तर त्याला वाटतं, त्या वस्तूनेच आपल्याला दुखवलं. आधी स्वतः त्या वस्तूला हात लावा, मग त्याला हळूहळू जवळ न्या. अलेक्झांडरने काय केलं? सूर्याकडे वळवलं, थोडं बरोबर धावला, थोपटलं, अंगावरचा झगा हळूच खाली टाकला आणि वर गेला. त्या काळी ग्रीकांकडे रिकीब नव्हती, आपल्यासारखं खोगीर नव्हतं; तो उडी मारूनच बसला. लगाम ओढून तोंड फाडलं नाही. भीती ओसरल्यावरच सोडला. पोरग्याने ते पुस्तक वाचलं होतं असं आम्ही म्हणत नाही. चांगल्या स्वारांमध्ये हे ज्ञान फिरत असणार.

पैज काय लागली होती, आठवतंय? जमलं नाही तर घोड्याची किंमत मी भरतो, असं पोरगा म्हणाला. आसपासचे हसले, कारण त्याच्याकडे १३ टॅलंट कुठून असणार! पण फिलोनिकसच्या जागी उभं राहून बघा. मैदानावर तो अवाक्षर बोलत नाही. आपला घोडा सावलीला बुजतो हे त्याला माहीत नव्हतं? थेसलीचा माणूस, घोड्यांच्या मुलखातला. माहीत असेल आणि बोलला नसेल, तर ती लबाडी. माहीत नसेल, तर १३ टॅलंट कशाचे? आम्हांला सारंगखेड्याचा म्हातारा आठवतो तो इथे.

आणि आता प्लूटार्कने केलेली जुळणी बघा. घोड्याचा प्रसंग संपतो, आणि लगेच पुढचं प्रकरण सुरू होतं ते असं, की हा मुलगा जबरदस्तीला बधत नाही, पण समजावून सांगितलं तर योग्य तेच करतो, हे फिलिपच्या लक्षात आलं. म्हणून त्याने हुकूम करणं सोडून मन वळवायला सुरुवात केली आणि अॅरिस्टॉटलला बोलावलं. घोडा कोण आणि स्वार कोण, एका पानात पालटलं! झेनोफोनच्या आठवणींतला सॉक्रेटिसही हेच जुळवतो: तेज घोडी लहानपणी वळवली तर सगळ्यांत उपयोगी पडतात, नाही तर सगळ्यांत वाईट निघतात, आणि हुशार पोरांचंही तसंच. आम्ही इतकी वर्षं शिकवलं. 'हा अडेल आहे, याला दुसरीकडे पाठवा,' असं आम्ही ज्यांच्याबद्दल लिहून दिलं, त्यातली दोन नावं आम्हांला अजून आठवतात. एकाच्या बाबतीत कारण काय होतं, ते आम्हांला पुढे वीस वर्षांनी कळलं. ते आज इथे सांगण्यासारखं नाही, पण ते तेव्हा विचारता आलं असतं.

फिलोनिकसला पैसे मिळाले का, हे प्लूटार्क सांगत नाही. बाप रडला, पोराच्या डोक्याचं चुंबन घेतलं, एवढंच. पण बुसेफालसपायी अलेक्झांडरने पैसे मोजल्याची एक नोंद आहे. पुढे मोहिमेत कॅस्पियनच्या बाजूला तिथल्या लोकांनी घोडा पळवला. परत केला नाहीत तर बायकापोरांसकट सगळ्यांना मारीन, असा निरोप त्याने पाठवला. हेच पोरगं, जे लगाम हळू धरायचं. त्यांनी घोडा आणून दिला आणि गावंही स्वाधीन केली. तेव्हा त्याने त्यांना चांगलं वागवलं आणि घोडा नेणाऱ्यांना त्याच्या सुटकेचे पैसे दिले. किती, ते प्लूटार्क लिहीत नाही.

चला, वेळ झाली. प्रश्न घेऊ या.