मायदेशीं परका: आल्बेर्तो काव्हाल्कांती

आल्बेर्तो काव्हाल्कांती १८९७ सालीं रिओ द जानेरोंत जन्मला. नांव मात्र झालें परमुलुखांत. १९२६ सालीं त्यानें पॅरिसचा एक दिवस पडद्यावर आणला, तो श्रीमंतांचा नव्हे, दीनदुबळ्यांचा. पुढें इंग्लंडांत टपालखात्याच्या चित्रशाखेंत ध्वनीचे प्रयोग, मग युद्धपट, आणि १९४५ सालीं तर 'डेड ऑफ नाइट'मधील शब्दभ्रमकाराची अंगावर कांटा आणणारी कथा! ही विविधता कित्येकांस अस्थिरता वाटते. आम्हांस वाटत नाहीं. १९४९ सालीं तो मायदेशीं परतला. साव पावलोच्या व्हेरा क्रूझ कंपनीची चित्रनिर्मिती त्याच्याकडे आली. पण चालकांशीं बिनसून तो लौकरच बाहेर पडला. १९५३ सालीं त्यानें आपलाच १९२७ चा मूकपट रेसिफेच्या किनाऱ्यावर नव्यानें उभा केला. कथा तीच: समुद्रापार जाण्याची आस लागलेला तरुण. काव्हाल्कांती १९८२ सालीं वारला, तो पॅरिसमध्येंच.