पहिला कॉम्प्युटर घरी जोडताना मदरबोर्ड कसा निवडावा?

घरात पहिला कॉम्प्युटर घ्यायचे ठरले की बोलणे दोनच गोष्टींवर होते, प्रोसेसर कोणता आणि रॅम किती. मदरबोर्डचे नाव कोटेशनमध्ये शेवटी येते, आणि तिथे अनेकदा 'कंपॅटिबल मदरबोर्ड' एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात बाकीचे सगळे भाग याच बोर्डाला जोडले जातात. बोर्ड चुकला तर इतर भाग कितीही चांगले असले तरी मशीन सुरू होत नाही. किंवा सुरू झाले तरी पुढे त्यात काही वाढवता येत नाही. महिनोन्‌महिने पैसे बाजूला काढून मुलांच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर घेणाऱ्या घराला ही चूक परवडत नाही.

चूक टाळणे अवघड नाही. क्रम मात्र पाळला पाहिजे. आधी काम ठरवा, कामावरून प्रोसेसर ठरवा, प्रोसेसरवरून बोर्ड ठरवा आणि बोर्डावरून रॅम, कॅबिनेट व एसएमपीएस ठरवा. स्वस्त मिळाला म्हणून आधी बोर्ड घेऊन ठेवू नका.

१. सॉकेट जुळला पाहिजे

प्रोसेसर बोर्डावरच्या ज्या चौकोनी जागेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डावर बसत नाही. एकाच कंपनीचे वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसरही सगळ्या बोर्डांवर बसत नाहीत. सध्या नवीन कॉम्प्युटर जोडणाऱ्याला साधारणपणे पुढील चार सॉकेट भेटतात.

- एएम४ : एएमडी रायझनच्या १०००पासून ५०००पर्यंतच्या मालिका. रॅम फक्त डीडीआर४.
- एएम५ : २०२२मध्ये आलेला सॉकेट. रायझन ७०००, ८००० आणि ९००० मालिका. रॅम फक्त डीडीआर५.
- एलजीए १७०० : इंटेलची १२वी, १३वी आणि १४वी पिढी. रॅम डीडीआर४ किंवा डीडीआर५, बोर्डाप्रमाणे.
- एलजीए १८५१ : २०२४मध्ये आलेली इंटेल कोअर अल्ट्रा २०० मालिका. रॅम डीडीआर५.

एएम४ स्वस्तात काम भागवतो, पण त्या सॉकेटचा प्रवास जवळपास संपला आहे. एएम५ला किमान २०२७पर्यंत साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. काही वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून मशीन वाढवायचे असेल, तर हा फरक लक्षात घ्या.

२. चिपसेट आणि बायोस

सॉकेट जुळला म्हणजे सगळे जुळले असे नाही. इंटेलचा एलजीए ११५१ हे याचे ठळक उदाहरण आहे. सहाव्यापासून नवव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर याच नावाच्या सॉकेटचे होते. तरीही १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर चालत नाहीत. त्यांना ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. जुना बोर्ड घेणाऱ्यांपैकी अनेक जण इथे फसतात.

चिपसेट म्हणजे बोर्डावर किती आणि कोणत्या सोयी मिळतील हे ठरवणारा भाग. इंटेलमध्ये एच६१० साधा, बी७६० मधला आणि झेड७९० वरचा. एएमडीमध्ये ए५२० किंवा ए६२० साधा, बी५५० किंवा बी६५० मधला आणि एक्स मालिका वरची. एच६१०वर रॅमच्या दोनच जागा असतात. प्रोसेसरचा वेग हाताने वाढवायचा असेल तर इंटेलमध्ये झेड चिपसेट लागतो. अभ्यास, ऑफिसचे काम, प्रोग्रॅमिंग शिकणे यांसाठी त्याची गरज नाही. घरच्या पहिल्या मशीनला मधल्या पायरीचा बोर्ड पुरेसा होतो.

बोर्डात एक छोटा प्रोग्रॅम साठवलेला असतो, तो म्हणजे बायोस. बोर्ड प्रोसेसरच्या आधी बाजारात आला असेल तर जुना बायोस नवा प्रोसेसर ओळखत नाही. बी४५० बोर्डावर रायझन ५००० किंवा बी६६० बोर्डावर १३व्या पिढीचा प्रोसेसर लावताना हे घडते. पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते. म्हणून दोनपैकी एक गोष्ट करा. दुकानातूनच बायोस अपडेट करून घ्या, किंवा प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून अपडेट करणारे 'बायोस फ्लॅशबॅक' बटण असलेला बोर्ड निवडा.

खात्रीची जागा एकच आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर 'सीपीयू सपोर्ट' यादी असते. तुमच्या प्रोसेसरचे पूर्ण नाव तिथे आहे का आणि त्यासमोर बायोसचा कोणता क्रमांक दिला आहे, हे पैसे देण्याआधी मोबाइलवर पाहा.

३. रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते. एकीची रॅम दुसऱ्या बोर्डात बसत नाही. जोर लावला तर रॅम आणि बोर्ड दोन्ही खराब होऊ शकतात. एलजीए १७००च्या बोर्डांत एकाच नावाच्या दोन आवृत्त्या मिळतात आणि डीडीआर४ची असेल तर सहसा नावात 'डी४' असते. बिल करताना हे अक्षर वाचा. लॅपटॉपची आखूड रॅमही नेहमीच्या डेस्कटॉप बोर्डाला चालत नाही.

१६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेतल्या तर दोन्ही वाहिन्या वापरल्या जातात आणि वेग सुधारतो. मात्र बोर्डावर दोनच जागा असतील तर पुढे वाढवताना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतील.

४. चित्र कुठून येणार?

बोर्डावर एचडीएमआयची जागा आहे म्हणजे मॉनिटर चालेलच असे नाही. ती जागा तेव्हाच काम करते जेव्हा प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असते. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर ग्राफिक्स नसते. रायझन ५००० मालिकेत डेस्कटॉपसाठी ते फक्त 'जी' असलेल्या मॉडेलमध्ये असते. म्हणजे ५६००जी चालेल, पण ५६०० किंवा ५५०० घेतला तर ग्राफिक्स कार्डचा खर्च वेगळा करावा लागेल.

५. आकार, साठवण आणि वीज

एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४चा आणि मिनी आयटीएक्स १७० × १७०चा असतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलटे होत नाही. घरासाठी मायक्रो एटीएक्स सोयीचा आणि सहसा स्वस्त पडतो.

एसएसडीसाठी बोर्डावर किमान एक एम.२ जागा हवी. एम.२ आकाराच्या एसएसडी दोन प्रकारच्या असतात, एनव्हीएमई आणि साटा. काही जागा फक्त एनव्हीएमई घेतात. बोर्डाच्या माहितीत ते लिहिलेले असते.

एसएमपीएसमधून बोर्डाला २४ पिनांची मुख्य वायर आणि प्रोसेसरसाठी सहसा ८ पिनांची (४+४) वायर लागते. ग्राफिक्स कार्डची ८ पिनांची (६+२) वायर दिसायला तशीच असते, पण ती प्रोसेसरच्या जागी लावू नये. बऱ्याच स्वस्त बोर्डांत वायफाय नसते. घरात इंटरनेट मोबाइलवरून किंवा वायफायवरून असेल तर हे आधी विचारा.

६. नुसत्या 'आय५', 'आय७' नावावर जाऊ नका

'आय७, १६ जीबी, एसएसडी' असे असेंबल केलेले संच फार कमी किमतीत विकायला असतात. त्यांतल्या अनेकांत एच६१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅम आणि २०११-१२च्या सुमाराचा, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो. बोर्ड नवा दिसतो, खोके नवे असते, पण तंत्र दशकाहून जुने असते. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून पिढी विचारा. आय७-३७७० तिसऱ्या पिढीचा आहे, तर आय३-१२१०० बाराव्या. नाव छोटे असले तरी घरासाठी दुसरा कितीतरी बरा.

७. एक जुळणारा संच

अभ्यास, ऑनलाइन वर्ग, कोडिंग आणि थोडेफार व्हिडिओ एडिटिंग यांसाठी रायझन ५ ५६००जी, बी५५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, डीडीआर४च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, मायक्रो एटीएक्स कॅबिनेट आणि नामांकित कंपनीचा एसएमपीएस हा संच जुळतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुढे लागलेच तर लावायला बोर्डावर जागा असते.

८. पैसे देताना

लॅमिंग्टन रोडवर जा, जवळच्या दुकानात जा किंवा ऑनलाइन घ्या, या गोष्टी सोडू नका :

- बिलावर 'मदरबोर्ड' एवढेच नको. कंपनी, पूर्ण मॉडेल आणि सिरीयल क्रमांक लिहून घ्या. जीएसटीचे पक्के बिल घ्या.
- वॉरंटी किती वर्षांची आणि ती कंपनी देणार की दुकानदार, हे स्पष्ट विचारा.
- एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्येच असतात. घेताना झाकण उघडून त्या सरळ आहेत का पाहा. वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत बसत नाहीत. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण आणि खोके जपून ठेवा.

दुकानदाराने 'चालेल' म्हटले तर त्याला शांतपणे कंपनीची यादी दाखवायला सांगा. यादी वाचायला दहा मिनिटे लागतात. ती वाचायची सवय घरातल्या मुलामुलींनाही लावा. पुढच्या वेळी शेजारच्या घराला मशीन निवडून द्यायला तेच जातील.