तेल, वंगण आणि न विचारलेला प्रश्न

तर मंडळी, या शनिवारचा विषय जरा नाजूक आहे. संबंधांच्या वेळी बाईला होणारा कोरडेपणा आणि त्यावर वापरलं जाणारं तेल. मैत्रिणींच्या गप्पांत हा विषय निघालाच तर दबक्या आवाजात निघतो, आणि उत्तर ठरलेलं असतं: "खोबरेल लाव की, नॅचरल आहे, काय होतंय त्याने!"

नॅचरल म्हणजे सेफ, हे समीकरण आपण कधी टेस्टच करत नाही. म्हटलं जरा इतिहास उकरून बघू. शतकानुशतकं हे तेल वापरात आहे, मग ते बाईला मानवतं का, हे कुणी तपासलं?

सुरुवात ग्रीसपासून. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात एक नोंद आहे. गर्भ राहू नये म्हणून काही लोक गर्भाशयाच्या तोंडाशी देवदाराचं तेल किंवा ऑलिव्ह तेलात कालवलेला धूप लावतात. त्याच यादीत शिशाचा मलमही आहे! शिसं हे विष आहे हे आज शाळकरी पोरही सांगेल, पण तेही जमिनीतूनच निघतं. नॅचरलच की. पुढे इ.स.च्या दुसऱ्या शतकात रोममध्ये सोरेनस नावाचा वैद्य होऊन गेला. स्त्रीरोगांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. गर्भ टाळायला तो जुनं ऑलिव्ह तेल सुचवतो, आणि सुईणीने बाळंतपणासाठी तयार ठेवायच्या वस्तूंतही ऑलिव्ह तेल आहेच. म्हणजे तेल आहे, पण प्रश्न मूल होईल की नाही हा. बाईला त्याचा त्रास होतो का, हा नाही.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात योनीचे वीस विकार सांगितलेत आणि त्यातल्या एकाचं नावच 'शुष्का' आहे. कोरडेपणा ही तक्रार आहे, तिला नाव द्यायला हवं, हे त्या काळी कुणाला तरी सुचलं याचं मला खरंच कौतुक वाटलं. उपचारांत तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, म्हणजे 'पिचू', येतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ते औषधी तेल होतं, विकार बघून वैद्याने द्यायचं. बाथरूममधली निळी बाटली आणि चरकाचं तेल एकाच रांगेत बसवून "आयुर्वेदात सांगितलंय" म्हणणं हा शुद्ध शॉर्टकट झाला.

मग आलं यंत्रयुग. १८७२ साली रॉबर्ट चेझब्रो याने अमेरिकेत व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. १९०४ मध्ये के-वाय जेली आली, तीही बायकांसाठी नव्हे, तर सर्जन लोकांची उपकरणं सरकावीत म्हणून! एकूण काय, वंगण हवं होतं, पण स्पेसिफिकेशन भलत्याचंच.

मधल्या काळात एक महत्त्वाचा शोध लागला होता. १८९२ साली जर्मन डॉक्टर आल्बर्ट डोडरलाइन याने योनिमार्गात राहणाऱ्या उपयुक्त जिवाणूंचं वर्णन केलं. आपलं दही लावणाऱ्या जिवाणूंचे हे जवळचे नातेवाईक. ते लॅक्टिक ॲसिड बनवतात, त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि नको ते जंतू वाढत नाहीत. थोडक्यात, ही एक चालू सिस्टीम आहे, आणि आपण बाहेरून काहीही ओतलं तर तिला फरक पडू शकतो.

पण तेलाकडे लोकांचं लक्ष गेलं ते वेगळ्याच कारणाने: कंडोम फाटायला लागले. लेटेक्स म्हणजे रबराच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना बांधलेल्या. तेल या साखळ्यांमध्ये शिरतं, रबर फुगतं आणि कमकुवत होतं. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात खनिज तेल फक्त ६० सेकंद लागल्यावर लेटेक्स कंडोमची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली. एक मिनिट! आणि खोबरेल, ऑलिव्ह किंवा बदाम तेल वनस्पतीचं आहे म्हणून त्याला सूट नाही. लेटेक्सबरोबर कुठलंच तेल नको. आपल्याकडे १९६८ पासून सरकारने 'निरोध' घरोघरी पोचवला, पण ही ओळ किती घरांत पोचली असेल?

आणि बाईचं काय? २०१३ साली लॉस एंजेलिसच्या १४१ स्त्रियांवरचा एक अभ्यास छापून आला. आत तेल वापरणाऱ्यांपैकी ४४.४ टक्क्यांत कँडिडा ही बुरशी सापडली, न वापरणाऱ्यांत ५ टक्के. पेट्रोलियम जेली वापरणाऱ्यांत जिवाणूंचा समतोल बिघडण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. अभ्यास लहान आहे, आणि त्याने तेलामुळेच हे झालं असं सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कुणीतरी तिला मोजलं तर खरं. ॲरिस्टॉटलनंतर तेवीस शतकांनी!

आता "मग दुकानातली जेलीच बरी" असंही लगेच म्हणू नका. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की जेलीची ऑस्मोलॅलिटी १२०० च्या वर नको, शक्यतो ३८० च्या आतच असावी. ती फार जास्त असेल तर जेली पेशींमधलं पाणी ओढून घेते, लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं तसं.

मग करायचं काय? लेटेक्स कंडोम असेल तर तेल बंद, पाण्यावर आधारित जेली चालू. वरचेवर खाज किंवा इन्फेक्शन होत असेल तर तेलाचा नाद सोडा. मोहरीचं तेल तर लांबच ठेवा, ते झोंबतं. आणि बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असताना किंवा पाळी जाताना कोरडेपणा येतो तो हॉर्मोन्समुळे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरला सांगितलं तर त्यावर उपाय आहेत.

खरी अडचण ही सांगण्याचीच आहे. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना मराठीत सरळ उत्तरं दिली. त्यापायी नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडली डॉ. आंबेडकरांनी. एवढं सगळं झालेल्या भाषेत आज आपण केमिस्टसमोर तोंड उघडत नाही आणि गुपचूप स्वयंपाकघरातली बाटली घेतो.

तेलाचा काही दोष नाही हो. ते डोक्याला लावा, थालीपिठावर सोडा. बाकी ठिकाणी आधी विचारा.