अपडेटची आधी चाचणी, मग स्थापना

सॉफ्टवेअरचे अपडेट आले की ते लगेच सर्व संगणकांवर चढवण्याची सवय व्यावसायिकांना महागात पडू शकते. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक'च्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

रायगडनेही झळ सोसली आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' विषाणूने न्हावा शेवा बंदरातील मर्स्क समूहाशी संलग्न टर्मिनलचे काम विस्कळीत केले. या विषाणूचा उगम युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या दूषित अपडेटमध्ये होता. मात्र तो पसरला तो मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवलेल्या त्रुटीचा आधार घेऊनही. म्हणजे सुरक्षाविषयक अपडेट महिनोन्‌महिने टाळणेही धोक्याचेच.

पेणच्या मूर्ती व्यावसायिकाला यासाठी मोठा खर्च नको; एक जादा संगणक पुरे. त्यावर आदल्या रात्रीच्या बॅकअपची प्रत घ्यावी, अपडेट चढवावे आणि जीएसटी बिल, मराठी फॉन्ट, प्रिंटर, मालाची शिल्लक तपासावी. जुनी आवृत्ती परत आणता येते का, हेही पाहावे. नेमके हेच बहुतेकजण विसरतात. गणेशोत्सवापूर्वीच्या गर्दीत मोठे बदल नकोत. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत यंत्रनियंत्रणाच्या संगणकांसाठी नियोजित शटडाऊनच योग्य, तोही पुरवठादाराच्या संमतीने.

अर्थात चाचणीलाही मर्यादा आहेत. क्राउडस्ट्राइकची ती फाइल रोखून धरण्याची सोयच ग्राहकांना नव्हती. ती घटनेनंतर देण्यात आली.