जुनी इलेक्ट्रिक गिटार इतकी महाग का असते?
अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये ‘लेस पॉल स्टँडर्ड’ ही गिटार लाल-पिवळ्या ‘सनबर्स्ट’ रंगात आणली. किंमत होती सुमारे २५० डॉलर. खप बेताचाच राहिला, म्हणून १९६१ मध्ये कंपनीने तिचा आकारच बदलला.

१९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या अल्बममध्ये हीच जुनी गिटार वाजवली. तिच्या भरदार आवाजाला मागणी आली, पण तोवर उत्पादन थांबले होते. तयार झालेल्या गिटार होत्या अंदाजे दीड हजार. त्यामुळे आज एका अस्सल गिटारला लाखो डॉलर मोजावे लागतात.

मात्र रंग, पिकअप आणि इतर भाग मूळचेच हवेत. नव्याने रंगवल्यास किंमत निम्म्यावर येऊ शकते. म्हणूनच उन्हाने विटलेला मूळ रंगही संग्राहक तसाच जपतात.